नोंदवहीत दिसणारा शिक्षक

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शिक्षकांची आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी मुलांपेक्षा स्वतःविषयीच विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. नावे आणि गावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चौदा वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. सध्या तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. पहिली काही वर्षे शाळेत जाण्याची ओढ असे. आता सकाळी वर्गाचे कुलूप उघडतानाच थकवा येतो. प्रत्येक प्रशिक्षणात ‘स्वयंप्रेरित व्हा’, ‘स्वतःला ओळखा’ असे सांगितले जाते. आम्ही डोळे मिटून बसतो, शेवटी टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी वर्ग होता तसाच असतो. शिक्षकाच्या मनःस्थितीचा मुलांच्या शिकण्याशी खरोखरच संबंध असतो का? आणि असेल, तर स्वतःला ओळखायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : संबंध असतो, परंतु प्रशिक्षणात सांगितला जातो तितका तो सरळ नसतो. तुमची उदासी किंवा तुमचा उत्साह हवेतून मुलांपर्यंत जात नाही. मुलांपर्यंत पोहोचतात त्या तुमच्या लहान लहान कृती : प्रश्न कोणाला विचारला, उत्तरासाठी किती थांबलात, चुकलेल्या उत्तरानंतर तुमची नजर त्याच मुलावर राहिली की लगेच दुसरीकडे वळली. या कृती दिवसातून शेकडो वेळा घडतात आणि करणाऱ्याला त्यांतील एकही आठवत नाही. त्यामुळे डोळे मिटून बसल्याने शिक्षकाला स्वतःची ओळख होईल, यावर माझा फारसा विश्वास नाही. आपण वर्गात काय करतो, हे जिथे उमटलेले असते तिथे जाऊन पाहावे लागते.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांचा असून तो १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एका प्राथमिक शाळेतील साधारण पाचांतील एक मूल या प्रमाणात काही नावे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि ‘ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे चाचणीतून दिसते’ असे शिक्षकांना सांगितले. वर्षाअखेरीस त्यांतील लहान मुलांची, म्हणजे मुख्यतः पहिली-दुसरीतील मुलांची, बुद्धिमापन चाचणीतील वाढ इतरांपेक्षा अधिक भरली. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली आणि असा परिणाम असला तरी तो पुष्कळदा लहानच असतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून ‘शिक्षकाने अपेक्षा धरली की मूल हुशार होते’ असे जे सोपे वाक्य भाषणांतून ऐकू येते, ते मी मानत नाही. मात्र अपेक्षा मनात असते तेव्हा ती कोणत्या वाटेने बाहेर पडते, हा त्या प्रयोगाने उभा केलेला प्रश्न अजूनही मोलाचा आहे.

ती एक वाट मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मोजून दाखवली. वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांनी १९७० च्या दशकात असे नोंदवले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, प्रश्न बदलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. ज्या मुलांना शिक्षक हुशार समजतात त्यांच्यासाठी ते थोडे अधिक थांबतात आणि ज्यांना कच्चे समजतात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ अधिक लागणार, त्यालाच तो कमी मिळतो. हीच वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, ‘येत नाही’ म्हणणारी मुले कमी झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढची आहे : ज्या मुलांकडून शिक्षकांनी काही अपेक्षा ठेवली नव्हती, ती मुले बोलू लागल्यावर शिक्षकांची त्यांच्याविषयीची अपेक्षाही बदलू लागली.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी मराठवाड्यातील एका गावात चौथीला शिकवत होते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर नोंदवत राहण्याची पद्धत, आले आणि प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागू लागल्या. या नोंदींचा आपण सगळेच कंटाळा करतो आणि सत्राच्या शेवटी दोन दिवसांत त्या उरकतो. मीही तशीच उरकायला बसले होते. लिहिता लिहिता मागची पाने चाळली, तेव्हा माझ्याच अक्षरात एक विचित्र गोष्ट दिसली. पुढच्या रांगांतील मुलांच्या नावांसमोर क्रियापदे होती : ‘कारण विचारतो’, ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते’, ‘स्वतःची चूक शोधते’. मागे बसणाऱ्यांच्या नावांसमोर नुसती विशेषणे होती : ‘शांत’, ‘अनियमित’, ‘वाचन कच्चे’. विशेषण लिहिण्यासाठी मुलाकडे पाहावे लागत नाही. घरी बसून आठवणीवरही ते लिहिता येते. एका मुलीच्या नावासमोर तर मी लागोपाठ तीन वेळा ‘अनियमित’ एवढेच लिहिले होते. तिचे आईवडील ऊसतोडीला जात आणि ती दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जाऊन गुढीपाडव्याच्या सुमारास परत येई, त्यामुळे ती नोंद खोटी नव्हती. परंतु ती त्या मुलीची नव्हती, तिच्या हजेरीची होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिकडे तू काय करतेस, असे विचारले. तिने सांगितले की धाकट्या भावाला सांभाळते आणि गाडी भरताना मोळ्या मोजते. मुकादमाच्या आकड्यावर वडिलांचा भरवसा नसल्यामुळे तो हिशेब तिच्याकडे असे. कशी मोजतेस, असे विचारल्यावर तिने जमिनीवर खडूने चार उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारली, असे गठ्ठे काढत गेली आणि ‘पाचाचे बारा आन् वर तीन, त्रेसष्ट’ असे म्हणून माझ्याकडे पाहिले. पाचाचा पाढा तिला येत नाही, असे मी समजून चालले होते. कारण फळ्याजवळ उभे राहून तो तिला म्हणता आला नव्हता. त्या दिवशी तिच्यात काहीच बदल झाला नव्हता. माझ्या वहीत ‘पाच-पाचचे गट करून मोजते’ अशी एक नोंद आली आणि गुणाकाराच्या तासाला मी तिलाही विचारू लागले, एवढेच झाले. त्या आठवड्यात शाळेत जाताना माझी पावले हलकी होती, हेही मला आठवते.

म्हणून तुम्हाला सुचवते ते असे. वर्गाच्या बैठकीचा एक कागदी नकाशा करा. तुमच्या वर्गात जे मूल नीट लिहू-वाचू शकते त्याच्याकडे, किंवा शेजारच्या वर्गावरील शिक्षकांकडे, एका तासापुरता तो द्या आणि ज्या मुलाला तुम्ही प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात एक रेघ मारायला सांगा. शक्य असेल तर त्याच तासाचा आवाज मोबाइलवर मुद्रित करा आणि प्रश्नानंतरची तुमची शांतता मोजा. रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणालाही ऐकवू नका, नाहीतर तुम्ही तपासणीसाठी शिकवू लागाल. जोडवर्गात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. एका वर्गाला काम देऊन तुम्ही दुसऱ्याकडे वळता, तेव्हा कोणत्या वर्गाच्या वाट्याला तुमची पाठ अधिक येते? नकाशावरच्या रिकाम्या चौकोनांपैकी एक मूल निवडा आणि दोन आठवडे त्याच्याविषयी फक्त क्रियापदे असलेल्या नोंदी लिहा. एकाच वेळी सगळा वर्ग घेऊ नका, कारण मग पुन्हा विशेषणे येतात.

प्रेरणेविषयीही थोडे. आधी मन उभारी धरेल, मग शिकवणे सुधारेल आणि मग मुले शिकतील, असा क्रम आपण गृहीत धरतो. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ साली मांडले की क्रम बहुधा उलट असतो : शिक्षक आधी कृतीत एखादा बदल करून पाहतो, मुले त्यातून शिकताना दिसतात आणि त्यानंतर त्याची श्रद्धा आणि वृत्ती बदलते. चौदा वर्षांनंतर तुमची ओढ आटली असेल तर त्याचे एक कारण असेही असू शकते की, मुले शिकत असूनही ती शिकताना तुम्हाला दिसत नाहीत; दिसतात ते पोषण आहाराचे हिशेब, युडायस या सरकारी नोंदणीसाठी भरायची शाळेची माहिती आणि तातडीने मागवलेले तक्ते.

आणि ते तक्ते खरे आहेत, हेही मला मान्य केले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. प्रत्यक्षात काय होते ते तुम्ही जाणता. दोन वर्ग एका शिक्षिकेकडे देऊन तिला ‘स्वयंप्रेरित व्हा’ असे सांगणे मला अप्रामाणिक वाटते. तुमचा सगळा थकवा तुमच्या मनाचा दोष नाही. त्यातला काही भाग केंद्रप्रमुखांकडे लेखी नोंदवण्याचा आहे. तो तिकडेच नोंदवा, स्वतःच्या खात्यात जमा करू नका.

प्रश्न : मी पाचवीला सर्व विषय शिकवते. कोणाला सांगितलेले नाही, परंतु मला गणिताची लहानपणापासून भीती वाटते. अपूर्णांक आले की मी उदाहरण फळ्यावर लिहिते, रीत सांगते आणि ‘आता वहीत उतरवून घ्या’ म्हणते. एखाद्या मुलीने ‘असे का, बाई?’ विचारले की माझे हात गार पडतात. मी दुसरे विषय चांगले शिकवते, असे सगळे म्हणतात. या भीतीचा मुलांवर परिणाम होत असेल का?

उत्तर : तुम्ही हे लिहिलेत, याचे मला कौतुक वाटते. परिणाम होण्याचा संभव आहे, आणि तो कोणावर होतो ते समजून घेण्यासारखे आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या १७ शिक्षिकांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून तो २०१० साली प्रसिद्ध केला. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेची गणिताची भीती आणि मुलांची गणितातील गती यांचा काही संबंध दिसला नाही. वर्षाअखेरीस मात्र, शिक्षिकेची भीती जितकी अधिक तितक्या जास्त मुली ‘मुलगे गणितात चांगले, मुली वाचनात चांगल्या’ असे मानू लागल्याचे दिसले, आणि असे मानणाऱ्या मुलींची गणितातील संपादणूकही कमी भरली. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. तो अभ्यास लहान आणि परक्या देशातला आहे, तरी आपल्या वर्गांत बसलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

तुमच्या पत्रातील ‘वहीत उतरवून घ्या’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. भीती तिथे लपलेली आहे. तो तुमचा स्वभाव आहे असे समजू नका. प्रश्न येऊ नयेत म्हणून घातलेले ते कुंपण आहे. ‘असे का’ विचारणारी मुलगी त्या कुंपणाशी येते, आणि दोन-तीनदा तुमचा चेहरा पाहिल्यावर विचारायचे सोडते.

यावर माझ्या माहितीतला उपाय गणिताचाच आहे, मनाला धीर देण्याचा नाही. अपूर्णांकांच्या भागाकाराचे उदाहरण घ्या. ‘उलट करून गुणा’ ही रीत तुम्हाला पाठ आहे, परंतु ती का चालते हे तुम्हाला कोणी सांगितले नसावे. तीन भाकऱ्या आहेत आणि प्रत्येकाला अर्धी द्यायची आहे, तर किती जण जेवतील? सहा. तीन भागिले अर्धा म्हणजे ‘तिनात अर्धे किती वेळा बसतात’, इतकाच तो प्रश्न आहे. एका भाकरीत दोन अर्ध्या, म्हणून तिनाला दोनाने गुणायचे. आता प्रत्येकाला पाऊण भाकरी द्यायची ठरवा आणि कागदाच्या भाकऱ्या कापून पाहा. प्रत्येक भाकरीतून एक पाऊण निघते आणि चतकोर उरते. तीन चतकोर जोडले की आणखी एक पाऊण होते, म्हणजे चार जण जेवतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी अशी अपूर्णांकांची कोष्टकेच्या कोष्टके तोंडपाठ केली. त्यांचा व्यवहाराला उपयोग झाला, परंतु त्यांनीही ‘का’ विचारले असेल असे मला वाटत नाही. ती जुनी उणीव आहे, तुमची एकटीची नाही.

येत्या घटकाआधी फक्त एक उदाहरण असे कापून, जोडून, स्वतःला पटेपर्यंत करा आणि वर्गात त्या एकाच उदाहरणाला पूर्ण तास द्या. कोणी उत्तर न येणारा प्रश्न विचारला तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि ‘याचे उत्तर मलाही शोधायचे आहे, उद्या पाहू’ असे सांगा. दुसऱ्या दिवशी मात्र त्याकडे परत यायलाच हवे. जी शिक्षिका फळ्यासमोर उभी राहून शिकताना दिसते, तिच्याकडे पाहून मुलींना गणिताविषयी काय वाटत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल. तुम्हाला तशी शिक्षिका मिळाली नव्हती.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. दहावीचा निकाल सुधारावा म्हणून मी शिक्षकांना लक्ष्य ठरवून दिले, ज्यांचा निकाल चांगला त्यांचा सत्कार केला आणि ज्यांचा कमी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला. निकाल थोडा वाढला, पण वर्गांतील वातावरण बिघडले आहे. शिक्षकांना प्रेरित कसे करावे?

उत्तर : लक्ष्य आणि खुलासा ही दोन साधने तुम्ही शिक्षकांवर वापरलीत आणि शिक्षकांनी तीच पुढे मुलांवर वापरली, माझ्या मते बिघाड इथे आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८२ सालचा एक प्रयोग तुमच्या शाळेचेच वर्णन करतो. शिकवण्याची भूमिका दिलेल्या काही व्यक्तींना ‘तुमच्या विद्यार्थ्याने ठरलेली पातळी गाठली पाहिजे, ती तुमची जबाबदारी आहे’ असे सांगितले आणि इतरांना असे काही सांगितले नाही. ज्यांच्यावर जबाबदारीचा दाब होता, ते अधिक बोलले, त्यांनी अधिक आज्ञा दिल्या, टीकाही अधिक केली आणि विद्यार्थ्याला स्वतः प्रयत्न करायला कमी जागा ठेवली. त्यांना कोणीही ‘कठोर वागा’ असे सांगितले नव्हते. पुढे १९९० मध्ये प्रत्यक्ष चौथीच्या वर्गांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, दबावाखालील शिक्षक जेव्हा मुलांवर नियंत्रण ठेवण्याच्या पद्धती वापरतात, तेव्हा मुलांची कामगिरी उलट घसरते.

खुलासे मागवणे थांबवा, एवढे एक काम या आठवड्यात करता येईल. त्याऐवजी महिन्यातून एकदा स्वतः एखादा तास घ्या आणि एका शिक्षकाला मागे बसून तुमच्या प्रश्नांची नोंद करायला सांगा. आधी तुमचा तास तपासला जाऊ द्या. नंतर शिक्षक आपणहून बोलावतील. कोणी बोलावले नाही तर वाट पाहा.

दुसऱ्याकडून खुलासा न मागता आधी स्वतःची पद्धत बदलण्याचे एक उदाहरण आपल्याकडे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. मुलांना किंवा पालकांना दोष देण्याऐवजी त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. उपस्थितीचे लक्ष्य ठरवून कोणी त्यांच्याकडून खुलासा मागवला असता, तर पटावर मुले कदाचित दिसली असती, पण अंगणवाडी सुचली नसती.

प्रश्न : मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. सराव पाठात मी अगदी आमच्या शाळेतल्या सरांसारखाच बोलतो, तसाच ओरडतो, असे मैत्रिणीने दाखवून दिले. ते सर मला फार आवडत. त्यांचे अनुकरण करण्यात चूक आहे का?

उत्तर : यात चूक नाही, पण ते तुमच्या नकळत घडले आहे याची दखल घ्या. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली दाखवून दिले की, शिक्षक होणारी व्यक्ती त्याआधी हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना पाहत आलेली असते आणि हीच तिची पहिली उमेदवारी असते. मात्र ती बाकावरून केलेली असते. सरांनी ओरडण्याआधी मनाशी काय ठरवले, घरी कोणती तयारी केली, कोणत्या मुलाविषयी ते चुकले, हे बाकावरून दिसत नाही. शिवाय ते सर तुम्हाला आवडले, याचा अर्थ त्यांचे शिकवणे तुमच्यासारख्या मुलाला मानवले.

तुमच्याच वर्गात असलेला, त्या सरांच्या विषयात नापास होत राहिलेला एखादा मित्र तुम्हाला आठवत असेल. पुढचा सराव पाठ घेण्यापूर्वी त्याला फोन करा, सर कसे शिकवायचे ते विचारा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.